उभ्या गाडीचा पहारेकरी

दसऱ्याच्या आगेमागे नंदुरबारच्या बाजार समितीत ओल्या लाल मिरचीची आवक सुरू होते, गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर तिचा सडा पडतो, आणि वाऱ्याबरोबर येणारा तो तिखट दर्प नाकाला झोंबू लागला, की पावसाळा आता खरोखर सरला असे आम्ही येथले लोक समजतो. चार महिने झाकून ठेवलेल्या वस्तू याच दिवसांत उन्हाला लागतात. डोळ्याच्या शस्त्रक्रियेमुळे आषाढापासून अंगणातल्या निंबाखाली उभी असलेली माझी जुनी मारुती ८०० अशाच एका सकाळी, प्रकाशाला जाऊन तापी-गोमाईच्या संगमाचे दर्शन घेऊन यावे या इराद्याने, मी बाहेर काढावयास गेलो. बॅटरी आदल्या दिवशी चार्ज करून आणलेली होती. इंजिनाने दोनदा खाकरून साद दिली. हँडब्रेकचा दांडा खाली केला, तो अगदी सैलपणे खाली आला. आणि पहिला गिअर टाकून क्लच सोडला, तेव्हा गाडी पुढे सरकण्याऐवजी जागच्या जागी थरथरली, तिचा मागचा भाग दबला आणि इंजिन बंद पडले.

दुसऱ्या खेपेस मी ॲक्सिलरेटर अधिक दाबला, तेव्हा क्लच जळल्याचा वास आला. शेजारच्या गल्लीत अनेक वर्षे गॅरेज चालवीत आलेले एक वृद्ध मिस्त्री, ज्यांना सारा मोहल्ला केवळ उस्ताद या नावाने ओळखतो, तो आवाज ऐकून फाटकाशी येऊन उभे राहिले.

"गुरुजी, आधी इंजिन बंद करा," ते म्हणाले. "मागची चाकं धरली आहेत. जोर लावलात तर आत लायनर शूवरून उचकटेल, मग ड्रम काढायलाच दिवस जाईल."

त्या दिवशी दुपारपर्यंत मी जे पाहिले आणि उस्तादांना विचारून विचारून जे समजून घेतले, ते जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येक गृहस्थास ठाऊक असावे, असे मला मनापासून वाटते. कारण हा बिघाड फार वापरामुळे होत नाही, वापर थांबल्यामुळे होतो, आणि त्याच्यावरचा इलाज बळापेक्षा बिघाडाचे नेमके ठिकाण ओळखण्यावर अवलंबून असतो.

पायाने दाबावयाचा ब्रेक हा चालत्या गाडीचा कारभारी होय. हँडब्रेक हा उभ्या गाडीचा पहारेकरी. पायाखालच्या ब्रेकात तेलाच्या दाबाने चाकांवर जोर पोहोचविला जातो. ही द्रवदाबाची पद्धत माल्कम लॉकहीड याने १९१७-१८ च्या सुमारास सिद्ध केली आणि १९२१ साली अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग गाडीवर ती चारही चाकांना लावली गेली. परंतु तेलाचा दाब तासन्‌तास जसाच्या तसा टिकून राहील याची हमी कोणी देऊ शकत नाही, कारण एखाद्या रबरी वॉशरातून थेंब झिरपला तरी रात्रभरात तो दाब उतरतो. म्हणून उभ्या गाडीला धरून ठेवण्याचे काम तेलाच्या हवाली न करता तारेच्या आणि दांड्याच्या हवाली ठेवण्याचा शहाणपणा यंत्रशास्त्रज्ञांनी दाखविला. ही तार, म्हणजे लवचिक नळीच्या आत सरकणारी पिळाची पोलादी दोरी, अर्नेस्ट बाउडेन याच्या १८९६ च्या पेटंटातून जगास मिळाली, आणि आपल्या सायकलीच्या ब्रेकची तारही याच घराण्यातली आहे. चाकातला जो गोल डबा आपण ड्रम म्हणून ओळखतो, त्याच्या आत दोन अर्धचंद्राकार शू फाकवून घर्षण निर्माण करण्याची रचना लुई रेनॉ याने १९०२ च्या सुमारास रूढ केली. म्हणजे माझ्या अंगणातल्या गाडीत जे अडकले होते, ते यंत्र मूळ कल्पनेने शंभर वर्षांहून अधिक जुने, साधे आणि सर्वांगी उघडे होते. त्यात गूढ असे काहीच नव्हते.

त्याची साखळी अशी. आसनाशेजारचा दांडा वर ओढला, की त्याच्या बुडाशी असलेल्या दातेरी पट्टीवर एक लहान खटका एकेक दात चढत जातो. आपण जी कटकट ऐकतो ती त्या खटक्याची. दांड्याने ओढलेली तार गाडीच्या पोटाखालून मागे जाते, तेथे तो जोर डाव्या आणि उजव्या चाकांत सारखा वाटला जातो, आणि प्रत्येक चाकाच्या पाठीशी असलेल्या लोखंडी पत्र्यातून तार आत शिरून एका लहान दांडीला ओढते. ती दांडी दोन्ही शू बाहेर फाकवते, शूवर चिकटविलेले किंवा रिबिटांनी जडविलेले लायनर ड्रमच्या आतल्या कडेवर दाबले जाते, आणि चाक धरले जाते. दांडा खाली केला म्हणजे काही कोणी शूला मागे ढकलीत नाही. ते काम स्प्रिंगांचे. दांड्याचा हुकूम केवळ ओढण्यापुरता चालतो, सोडण्याचा सारा भार स्प्रिंगांवर असतो, आणि स्प्रिंगेचे बळ मर्यादित असते, ही गोष्ट ज्याच्या ध्यानी आली, त्याला ब्रेक का अडकतो याचे अर्धे उत्तर मिळालेच.

उरलेले अर्धे उत्तर आपल्या मातीत आणि हवेत आहे. तापीकाठची काळी माती ओली असताना चाकाच्या आतल्या अंगास लेपासारखी बसते आणि वाळली म्हणजे दगडासारखी होते. नवापूर, अक्कलकुवा, धडगाव या भागांत पाऊस नंदुरबार-शहाद्यापेक्षा अधिक, आणि तेथले ओढे-नाले ओलांडताना मागची चाके अनेकदा पाण्यात बुडतात. तार जेथे चाकाच्या पत्र्यात शिरते तेथे एक रबरी बूट असतो. तो वर्षांनुवर्षांच्या उन्हाने तडकला, की पाणी आणि बारीक गाळ तारेच्या नळीत उतरतो, पिळाच्या दोरीला गंज धरतो, गंजाने ती फुगते, आणि मग स्प्रिंगेच्या बळाने ती परत सरकत नाही. हा झाला एक प्रकार. दुसरा प्रकार ड्रममध्ये घडतो. ड्रम बिडाचा, दमट हवेत त्याच्या घासलेल्या, उघड्या पृष्ठभागावर एका रात्रीत तांबूस थर येतो, त्यावर लायनर दाबून ठेवलेले असेल तर तो गंज दोहोंना जणू सांधतो. रोज चालणाऱ्या गाडीत पहिल्या हिसक्यासरशी हा सांधा तुटतो आणि एक ठक्‌ असा आवाज येतो. तीन महिने उभ्या गाडीत तो सहजी तुटत नाही. तिसरा प्रकार घाटातून उतरून येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावा: तोरणमाळाहून राणीपूरकडे उतरताना ब्रेक तापतात, उष्णतेने ड्रम प्रसरण पावतो, आणि त्याच स्थितीत गाडी उभी करून हँडब्रेक कमाल जोराने ओढला, तर ड्रम थंड होऊन आकसताना शूंवर आणखी आवळला जातो. दांड्याच्या बुडाशी खटकाच दातात रुतून बसणे हा चौथा प्रकार, पण तो क्वचित. त्यात दांडा खालीच येत नाही, आणि तो किंचित वर ओढून, बटण दाबून मग हळू सोडला, की बहुधा सुटतो.

उस्तादांनी गोणपाट अंथरले, टॉर्च घेऊन ते गाडीखाली डोकावले आणि आधी पंचनामा केला. तो कसा करावयाचा हे त्यांनी मलाही वाकून पाहावयास लावले. प्रत्येक मागच्या चाकाच्या पाठीशी तार ज्या दांडीला ओढते ती दांडी पाहावयाची. ती परत जाऊन आपल्या जागी टेकली असेल आणि तरीही चाक धरलेले असेल, तर तार निर्दोष असून शू ड्रमला चिकटला आहे. ती ओढलेल्याच स्थितीत राहिली असेल, तर तार नळीत अडकली आहे. माझ्या गाडीत उजवीकडे पहिला दोष निघाला आणि डावीकडे दुसरा. दांडा सैल पडला होता याचा अर्थ ब्रेक सुटला असा मी केला होता. वस्तुतः तार मागे सरकलीच नव्हती, म्हणून त्या दांड्याला ओढून धरणारे काही उरले नव्हते. ज्याचे बोट दांड्यावरच थांबते त्याला हे कधीच कळावयाचे नाही. साखळी टोकापर्यंत तपासावी लागते.

यानंतर सोडवणुकीचे काम. हँडब्रेक ज्या अर्थी आता सोडावयाचा आहे, त्या अर्थी गाडी धरून ठेवण्याची दुसरी तजवीज आधी झाली पाहिजे. सपाट जागा, पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे, आणि गिअरमध्ये गाडी. मात्र यात एक भेद आहे. मारुती ८०० पुढच्या चाकांनी चालते, म्हणून गिअर तिची पुढची चाके धरतो. ॲम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या मागच्या चाकांनी चालणाऱ्या गाड्या, त्यांची मागची बाजू उचलली की गिअरचा आधार संपतो आणि सारी भिस्त ठोकळ्यांवर राहते. आमच्या अंगणाची माती पावसाने भुसभुशीत होती, म्हणून उस्तादांनी जॅकखाली जाड फळी घातली, गाडी उचलल्यावर तिच्या खाली भक्कम टेकण दिले, आणि केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालू नये, हे मला बजावून सांगितले.

उजवे चाक त्यांनी काढले. शू चिकटला असेल तर पुष्कळांचा स्वभाव गाडी पुढेच पुढे रेटण्याचा असतो, आणि त्यात एक सूक्ष्म चूक आहे: चाक पुढे फिरू पाहते तेव्हा दोन शूंपैकी पुढचा शू ड्रमबरोबर ओढला जाऊन स्वतःच्याच रेट्याने अधिक घट्ट रुततो. ही रचना गाडी थांबविताना उपकारक, पण सोडविताना अपकारक. म्हणून गाडी आधी मागे, मग पुढे, अशी हलक्या हिसक्यांनी झुलवावी. एवढ्याने न सुटले तर चाक काढून ड्रमच्या परिघावर, मधे लाकडाचा तुकडा धरून, हातोडीचे मध्यम ठोके चहूबाजूंनी द्यावेत. बीड ठिसूळ असते; त्याच्यावर थेट घणाघात केला तर ते तडकते. सातव्या-आठव्या ठोक्याला आतून एक बारीकसा आवाज आला, उस्तादांनी ड्रम दोन्ही हातांनी धरून मागे-पुढे हलविला, आणि तो फिरू लागला.

सुटला म्हणजे काम संपले असे मात्र समजू नये, कारण ज्या गंजाने धरले तो अद्याप आतच असतो. ड्रम काढावयाचा. काही गाड्यांत तो मधल्या मोठ्या नटावर बसतो, आणि मग त्या नटाची जुनी कॉटर पिन पुन्हा न वापरता नवीनच घालावी लागते. काहींत तो नुसता चाकाच्या बोल्टांवर सरकविलेला असतो, आणि त्याच्या तोंडावर आटे पाडलेली दोन छिद्रे ठेवलेली असतात, त्यांत दोन बोल्ट आळीपाळीने आवळत गेले, की ड्रम आपोआप बाहेर ढकलला जातो. पुष्कळ चाललेल्या ड्रमच्या आतल्या कडेला झिजून एक उंबरठा तयार झालेला असतो व त्यात शू अडतात. अशा वेळी मागच्या पत्र्यातल्या छिद्रातून शूची जुळवणी सैल केल्यावाचून ड्रम निघत नाही. आतली काळी धूळ कोणीही फुंकू नये आणि कंप्रेसरच्या हवेने उडवू नये. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस वापरले जात असे, आणि त्याचे तंतू फुप्फुसांस कायमची इजा करतात. उस्तादांनी ती धूळ पाणी शिंपडून ओल्या फडक्याने पुसून घेतली. मग ड्रमच्या आतल्या भागावरून पॉलिश पेपर फिरविला, लायनरवरचा चकाकणारा थर अगदी हलका घासला, स्प्रिंगांचा ताण तपासला, पत्र्याच्या ज्या उंचवट्यांवर शू सरकतो तेथे बोटाच्या टोकावर मावेल इतकेच ग्रीस लावले. ग्रीस किंवा ब्रेक ऑइल लायनरवर लागले तर ते लायनर बाद समजावे. आणि शू बदलणे भाग पडले तर दोन्ही चाकांचे एकदमच बदलावेत, नाही तर ब्रेक दाबताना गाडी एका अंगाला ओढते.

डावीकडची तार हा निराळा मामला होता. उस्तादांनी पक्कडीने ती दांडी परत ढकलून चाक मोकळे केले, पण तार नळीतून बाहेर काढून दाखविली तेव्हा तिचे पीळ जागोजागी तांबडे होऊन फुगलेले होते. अशा तारेत गंज सोडविणारे तेल घालून ती चार दिवस चालती करता येते. पहिल्या पावसात ती पुन्हा धरते, आणि पीळ तुटत आलेली तार उतारावर तुटली तर काय होईल याचा विचार केला, म्हणजे नव्या तारेची किंमत फार वाटत नाही. जुनी तार बरोबर नेऊन लांबी ताडून पाहिली, नवी तार मूळच्याच पट्ट्यांतून, सायलेन्सरच्या नळीपासून दूर अशी ओवली, आणि दोन्ही बाजूंचे रबरी बूट नवे बसविले.

शेवटी जुळवणी, आणि येथेही क्रमाला महत्त्व आहे. आधी ड्रममधले शू जुळवावयाचे आणि नंतर तार आवळावयाची. शू झिजून दूर गेले असताना केवळ तारेचा नट आवळून दांडा कडक केला, तर वरून सारे ठीक दिसते आणि आत ती दांडी कायमची अर्धवट ओढलेली राहून चाक घासत राहते. दांडा साधारण चार ते सात कटकटींत घट्ट धरला पाहिजे आणि खाली केल्यावर दोन्ही चाके हाताने विनासायास फिरली पाहिजेत. यानंतर गाडी थोडी चालवून आणून दोन्ही मागच्या चाकांजवळ हाताची पाठ नेऊन पाहावी. एक चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट तापलेले लागले, तर तेथे ब्रेक अजून घासतो आहे.

सातपुड्याच्या अंगाला चालणाऱ्या जुन्या जीपगाड्यांची व्यवस्था मात्र वेगळी. विलिस घडणीच्या ज्या जीप महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत जोडावयास घेतल्या, त्यांत हँडब्रेकचा ड्रम चाकात नसून गिअरपेटीच्या मागे, मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टवर असतो. एका ड्रमने सारा शाफ्ट धरला जातो, म्हणून पकड दांडगी; पण चालत्या गाडीत तो दांडा ओढला तर साऱ्या गिअरव्यवस्थेला जबर हिसका बसतो, आणि मागचे एक चाक जॅकवर उचलले, की डिफरन्शियलमधून ते चाक मोकळे फिरू लागते व ब्रेक लावलेला असूनही गाडी घरंगळू शकते. अक्राणी महालाच्या घाटवाटांवर जीप उभी करताना चाकाखाली दगड ठेवण्याची जी रीत आहे, तिच्यामागे असा पक्का यांत्रिक आधार आहे.

ही काळजी केवळ स्वतःच्या सोयीपुरती नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याचे कलम १२६ असे फर्मावते, की चालक आपल्या जागेवर नसताना, इंजिन बंद करून ब्रेक लावलेला असल्याखेरीज, किंवा वाहन आपोआप चालू लागणार नाही अशी अन्य तजवीज केलेली असल्याखेरीज, ते सार्वजनिक जागी उभे ठेवू नये. खासगी मोटारीच्या नोंदणीची मुदत पंधरा वर्षांची. ती संपल्यावर गाडी तपासणीस नेऊन नोंदणीचे नूतनीकरण करून घ्यावे लागते. आमचा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला, त्यामुळे त्यापूर्वीच्या येथल्या पुष्कळ गाड्यांवर अद्याप धुळ्याचा एमएच १८ हा क्रमांक दिसतो, आणि अशा जुन्या गाड्या तपासणीच्या वयाच्या आहेत हे निराळे सांगावे लागत नाही. रस्त्याकडेला उभ्या केलेल्या अशा गाडीच्या पुढे उतारावर कोणाचे तरी मूल खेळत असते. कायद्याच्या कलम १२६ चा खरा अर्थ तेवढाच आहे.

एकदा ब्रेक अडकला, की तो पुन्हा कधी लावायचाच नाही, अशी शपथ घेणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. त्यांच्या तारा सर्वांत आधी गंजतात. रोजच्या वापरात हँडब्रेक रोज ओढावा आणि रोज सोडावा. तारेचे ते सरकणे हीच तिची निगा. गाडी धुतल्यावर किंवा ओढ्यातून आल्यावर पायाचा ब्रेक चालत्या गाडीत हलका दाबून ड्रम वाळवावेत आणि मगच गाडी उभी करावी. ती महिनोन्‌महिने उभी राहणार असेल, तर सपाट जागी गिअरमध्ये ठेवून, चाकांना ठोकळे देऊन, हँडब्रेक मोकळा सोडावा. आणि आठवड्यातून एकदा तो ओढून सोडून गाडी हातभर मागे-पुढे करण्यास घरातल्या कोणासही सांगावे. आषाढात मी हे सांगितले असते, तर आश्विनात उस्तादांना गोणपाट अंथरावे लागले नसते.

दुसऱ्या दिवशी आम्ही प्रकाशाला गेलो. घाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर मी मुद्दाम उतारालाच गाडी उभी केली, पायाचा ब्रेक दाबून धरला, दांडा पाच कटकटी वर ओढला आणि पाय काढला. गाडी हलली नाही. तरीही पुढच्या चाकाखाली ठोकळा ठेवला आणि मगच संगमाकडे चालू लागलो. परत आलो तेव्हा ऊन तापीच्या पाण्यावरून वर चढले होते. ठोकळा उचलला, आत बसून पाय ब्रेकवर ठेवला, दांडा खाली केला आणि पाय किंचित सैल केला. इंजिन सुरू करण्याआधीच गाडी उतारावर हलकेच सरकू लागली.